द्वारकाबाईंचं मोठं अक्षर

मित्रांनो, मी एक जुना ई-रीडर आहे. नाव इंग्रजी असलं तरी बिचकू नका. हातात मावणारं, पुस्तकं वाचायचं यंत्र, एवढाच त्याचा अर्थ. लोक मला मोबाइल समजतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. मला फोन येत नाहीत, माझ्यावर गाणी वाजत नाहीत आणि सकाळी सकाळी 'सुप्रभात'ची फुलंही उमलत नाहीत. मला एकच काम येतं. ते बरं येतं, असं ऐकून आहे.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. डोळे उघडण्याआधीच मी खोक्यात बंद झालो होतो. माझ्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या रंगाचे अगदी बारीक कण भरलेले आहेत. बोट लावलं की ते वरखाली होतात आणि त्यांची अक्षरं बनतात. म्हणून माझं पान कागदासारखं दिसतं. उन्हात धरलं तरी चकाकत नाही. पान बदलायला मला थोडी वीज लागते, पण आलेलं पान तसंच ठेवायला मुळीच लागत नाही. त्यामुळे एकदा पोटभर चार्ज केलं, की मी कित्येक आठवडे काही मागत नाही. असा पाहुणा पुण्यातसुद्धा चालतो.

मला तनुजाने घेतलं, तिला नवी नोकरी लागली तेव्हा. हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आम्ही दोघं रोज खिडकीशी बसायचो. "अगं, अख्खं कपाट पर्समध्ये घेऊन फिरतेय मी!" असं ती मैत्रिणींना सांगायची, आणि मला उगाचच वजन वाढल्यासारखं वाटायचं. मग तिचं लग्न झालं, ती कर्वेनगरला सासरी आली, तिला बढती मिळाली आणि मला खण मिळाला. त्यात आधीपासून एक मेलेला रिमोट, गुंतलेल्या वायरी आणि बंद पडलेलं घड्याळ राहत होतं. मंडळी वाईट नव्हती, पण वाचनाची आवड कोणालाच नव्हती.

आता द्वारकाबाईंबद्दल सांगतो. या तनुजाच्या सासूबाई. त्यांच्या सोसायटीत एक छान पद्धत आहे. दर गुरुवारी दुपारी बायका हॉलमध्ये जमतात. मधोमध कापूस असतो आणि सगळ्याजणी वाती वळत बसतात. त्या वाती नंतर देवळात जातात. एकच बाई तेवढी वाती वळत नाही. ती खुर्चीवर बसून कादंबरी मोठ्याने वाचते. ती बाई म्हणजे द्वारकाबाई. घरात त्यांचं कोणी फारसं ऐकायचं नाही. लेक कामात, सून मीटिंगमध्ये. पण गुरुवारी दुपारी सगळा हॉल त्यांच्या आवाजावर चालायचा. त्यांनी रडवलं की बायका रडायच्या आणि ओल्या हातांनी वाती बिघडवायच्या.

पुढे द्वारकाबाईंची नजर अधू झाली. चष्मा बदलला, पुन्हा बदलला. डॉक्टर म्हणाले, आता नंबराने होईल तेवढं झालं. पुस्तकातली अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी पळताना दिसू लागली. एका गुरुवारी त्या एकाच ओळीवर पुन्हा आल्या, तेव्हा समोर वाती वळणाऱ्या कांताबाईंनी कापूस खाली ठेवला.

"द्वारकाबाई, हे गृहस्थ मघाशीच वारले ना? आज दोनदा जाणार आहेत का?"

हॉल हसला. द्वारकाबाईही हसल्या. "घसा बसलाय जरा," असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं. पुढच्या गुरुवारीही घसा बसलेलाच होता. मग "वाचायला दुसरं कोणी बघू या का?" अशी कुजबुज सुरू झाली. द्वारकाबाईंनी ती नीट ऐकली. कान शाबूत होते.

तनुजाने एकदा त्यांना खिडकीत पुस्तक नाकाला लावून बसलेलं पाहिलं. तिने खण उघडला, मला पुसलं, चार्ज केलं, तीच कादंबरी माझ्यात भरली आणि अक्षर वाढवून मला सासूबाईंच्या हातात दिलं.

"अगं बाई! हे तर पाटीवर लिहिल्यासारखं दिसतंय."

"अजून मोठं होतं, आई. इथे दाबायचं."

त्यांनी दाबलं. अक्षर फुगलं. एका पानावर जेमतेम चार-पाच ओळी उरल्या. द्वारकाबाईंनी त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि मग पदराने माझा पडदा पुसू लागल्या. ओले डोळे झाले होते, पडदा नव्हे.

पण माणसाचा अभिमान मोठा विचित्र असतो, मित्रांनो. गुरुवारी हॉलमध्ये जाण्याआधी त्यांनी अक्षर पुन्हा लहान केलं. अगदी पुस्तकाएवढं नाही, पण शेजारणीच्या लक्षात येणार नाही इतपत. पाठ भिंतीला लावून त्या बसल्या. "सुनेचा हट्ट," असं म्हणून त्यांनी मला मांडीवर घेतलं.

"पानाचा आवाज येत नाही याचा," कांताबाई म्हणाल्या. "आपण झोपलो तर कळायचं कसं?"

तरीही वाचन रंगलं. डोळे ताणून का होईना, त्यांनी खुर्ची राखली. कादंबरी मैनाची होती. भावाशी भांडून घर सोडलेली मैना म्हातारपणी त्याच्या दाराशी परत निघाली होती. आणि आमच्या घरी दसरा आला.

दसऱ्याला द्वारकाबाईंनी पाटावर पाटीवरची सरस्वती मांडली, पुस्तकं ठेवली आणि पुस्तकांच्या शेजारी मला ठेवलं. मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. खणातल्या रिमोटला हे दिसायला हवं होतं! तनुजा धावत आली. "आई, लॅपटॉपला फक्त फूल हं!" लॅपटॉप वाचला. माझ्याबद्दल कोणी काही बोललं नाही. द्वारकाबाईंना माझं डोकं कुठलं नि पाय कुठले, हे काही उमगेना. ज्या बाजूला बारीकसं भोक होतं, तेच कपाळ असणार असं त्यांनी ठरवलं आणि ओलं हळदकुंकू तिथे भक्तिभावाने चांगलं दाबून लावलं. मित्रांनो, ते माझं तोंड होतं. चार्जिंगची वायर तिथेच लागते.

पूजेने कोणी मरत नाही असं मला वाटायचं. लगेच मेलो नाहीच. पोटात अजून बरीच वीज होती. कुंकू आत वाळलं, घट्ट झालं. द्वारकाबाई वायर लावायच्या, पण चार्जिंगचा इवलासा दिवा लागलाय की नाही, हे त्यांना दिसत नव्हतं.

शेवटच्या प्रकरणाचा गुरुवार उजाडला. हॉल भरला होता. मैना दाराशी पोचली. बायकांच्या हातांनी कापूस सोडला होता. द्वारकाबाईंचा आवाज अगदी खाली आला.

"'मैनाने कडी वाजवली. आत कोणीतरी उठल्याचा आवाज झाला. आणि दाराआडून...'"

त्यांनी बोट लावलं. पान हललं नाही. आमच्यातले काही जण जाता जाता रिकाम्या बॅटरीचं चित्र तरी काढतात; माझ्यात तेवढीही धुगधुगी उरली नव्हती. तेच पान पडद्यावर थिजलं. त्यांनी पुन्हा बोट लावलं. पुन्हा.

"दाराआडून काय?" कोणीतरी विचारलं.

"बंद पडलंय वाटतं."

"मग त्यात काय!" कुसुमवहिनी म्हणाल्या. त्या स्वभावाने भोळ्या. त्यांनी पिशवीतून छापील पुस्तक काढलं. "मी लायब्ररीतून आणलंच होतं. हे घ्या, पान काढून देते."

पुस्तक द्वारकाबाईंच्या हातात आलं. त्यांनी ते उघडलं. लांब धरलं, जवळ धरलं. मी त्यांच्या मांडीवर होतो. 'घसा बसलाय' म्हणायची संधी होती. पण सगळ्यांनी आत्ताच तो खणखणीत घसा ऐकला होता.

त्यांनी पुस्तक मिटलं.

"मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "बरेच दिवस झाले. यातलं एक अक्षर मला दिसत नाही. या यंत्रात मोठं करून वाचत होते. तुम्ही दुसरं कोणी बघा. वहिनी, तुम्ही वाचा."

कुसुमवहिनींनी पुस्तक घेतलं, पान उघडलं, तोंडही उघडलं.

"थांबा," कांताबाई म्हणाल्या. "ठेवा ते पिशवीत."

"अहो, पण दाराआडून..."

"दार कुठे पळून जातंय? मैना इतकी वर्षं थांबली, आठवडाभर आणखी थांबेल. द्वारकाबाई, यंत्र दुरुस्त करून आणा. आणि वहिनी, घरी जाऊन शेवट वाचलात, तर तुमच्या तोंडावरून मला कळतं बरं का!"

द्वारकाबाईंनी मला पदराखाली धरलं. पुढचं थोडा वेळ मला दिसलं नाही.

तनुजा मला स्वारगेटजवळ साईनाथ नावाच्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. त्याने भिंग लावून माझ्या तोंडात पाहिलं.

"मॅडम, याचं लग्न लावलंत की काय?"

"पूजा केली," तनुजा म्हणाली.

"मग पावला असता की! गुदमरलाय बिचारा." बारीक ब्रशने त्याने माझ्या तोंडातलं हळदकुंकू खरवडून काढलं, वायर लावली, आणि इवलासा दिवा लागला.

पुढच्या गुरुवारी द्वारकाबाई भिंतीला पाठ लावून बसल्या नाहीत. खुर्ची त्यांनी मधोमध ओढली आणि सगळ्यांच्या देखत अक्षर वाढवत गेल्या, आणखी वाढेना तोपर्यंत. एका पानावर चार-पाच ओळी. मला क्षणाक्षणाला पान उलटावं लागत होतं, पण दमायची माझी हरकत नव्हती. ताणलेल्या डोळ्यांनी वाचताना आवाजही ताणलेला असतो, हे मला त्या दिवशी कळलं. कारण त्या दिवशी तो मोकळा होता. दार उघडलं. मैनाचा भाऊ काय म्हणाला ते मी सांगणार नाही, तुम्ही वाचा. एवढंच सांगतो, की त्या दिवशीच्या वाती देवळात नेण्याजोग्या उरल्या नाहीत.

हॉल रिकामा झाल्यावर कांताबाई तेवढ्या मागे रेंगाळल्या.

"ते अक्षर मोठं कुठून करतात हो?" त्यांनी हळूच विचारलं. "मला नकोय. आमच्या ह्यांच्यासाठी विचारतेय."

कांताबाईंच्या ह्यांनी जन्मात क्रिकेटच्या बातमीपलीकडे काही वाचलेलं नाही, हे द्वारकाबाईंना ठाऊक होतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी शेजारची खुर्ची जवळ ओढली आणि मला कांताबाईंच्या हातात दिलं.

तर मित्रांनो, माझी विनंती एवढीच. माझी पूजा करायचीच असेल तर फूल वाहा, ओलं काही लावू नका. मला खणात विसरू नका. कोणाला तरी द्या. आणि घरात कोणी अचानक वाचायचं सोडलं, घसा बसला म्हणालं, डोकं दुखतंय म्हणालं, तर चारचौघांत कारण विचारू नका. त्याच्याशेजारी बसा आणि अक्षर मोठं करून द्या.