भाऊजी डॉक्टर कधी झाले?

धाकटी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. रात्रपाळीच्या नर्सच्या झोपेवर तिला शोधनिबंध लिहायचा होता. मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं, "वेबसाइटवरचं काही घेणार असशील तर आधी बघ, लिहिणारा कोण, लिहिलं कधी आणि कशाच्या आधारावर."

तिला सापडलेल्या पानावर हे सगळं होतं. तारीख ताजी, खाली संदर्भ, लेखक निद्राविकारांचे ज्येष्ठ तज्ज्ञ. 'मधे डुलकी घेतली की चुका निम्म्या होतात,' हे त्यातलं वाक्य तिला फार आवडलं. त्यावर तिने अर्धा निबंध उभा केला. मग लेखकाची माहिती टिपून घ्यायला ती पानाच्या तळाशी गेली आणि बघतच राहिली. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, हाताची घडी. हे तर भाऊजी! तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, फरश्यांचा दुकानदार.

लॅपटॉप काखोटीला मारून ती ताईकडे गेली.

"अगंबाई, हे तर आमचंच ध्यान!" ताई म्हणाली.

भाऊजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "मीच की हा. पण मी डॉक्टर झालो कधी?"

"ते तुम्ही सांगायचं!"

बऱ्याच वेळाने त्यांना आठवलं. दुकानाशेजारच्या फोटोग्राफरने नवे दिवे आणले होते. ते लावून बघायला त्याने यांना कोट चढवून उभं केलं होतं. फोटोग्राफरला विचारलं, तर तो म्हणाला, "असे फोटो मी विकायला टाकतो. कोण घेतं, मला काय ठाऊक?"

भाऊजींनी त्या वेबसाइटला फोटो काढून टाकायला कळवलं. उत्तर आलं, 'डॉक्टरसाहेब, सूचनेबद्दल आभार.' फोटो जागचा हलला नाही.

धाकटीचं डोकं चालेना, कारण पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहिलं तर बराचसा मजकूर जुळत होता.

"बाई, खोट्या माणसाने खरं लिहिलं असेल तर घ्यायचं की नाही?" तिने मार्गदर्शक बाईंना विचारलं.

"खरं असेल तर ते कुणीतरी आपल्या नावाने, जबाबदारीने लिहिलेलं असेल. ते शोध."

तिने संदर्भ उघडायला घेतले. पहिला उघडेना. दुसरा गाद्यांच्या जाहिरातीवर गेला. तिसरा मात्र खरा अभ्यास निघाला, एकाच वॉर्डातल्या मोजक्या नर्सचा. त्यात 'निम्म्या' कुठेच नव्हतं. 'चुका कदाचित कमी होत असाव्यात,' एवढंच होतं.

आता याच्यावर तरी विश्वास कसा ठेवायचा? तिने अभ्यास करणाऱ्या संशोधिकेलाच मेल केला. त्यांचं उत्तर आलं, "माझ्या एकटीच्या भरवशावर राहू नका. नंतर दोघांनी हेच तपासलंय, तेही वाचा." सोबत दोन लेख जोडले होते.

धाकटीने ते वाचून काढले. एक म्हणत होता, फायदा होतो. दुसरा म्हणत होता, होत नाही.

अर्धा निबंध खोडून तिने दोघांचंही म्हणणं लिहिलं.

"मग तुझं मत काय?" बाईंनी विचारलं.

"मला अजून कळलेलं नाही, बाई."

"तेही लिही," म्हणत बाईंनी निबंध तिच्याकडे सरकवला.