नऊ आणि दोन

विजयनगरातल्या त्या दुकानात भुजंगराव मापं घेऊन कापड कापत आणि धाकटे भाऊ मालोजीराव मागच्या खोलीत शिवत. मागची निवडणूक झाल्यापासून, म्हणजे आठ महिने, दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. काही सांगायचं असलं तर ते मापाच्या चिठ्ठीवर लिहून मागे जाई.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. मतदारांच्या पाहणीसाठी दोघांकडून वेगवेगळ्या प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. आधी हो-नाहीचे दहा प्रश्न. शेवटी एक पट्टी: पूर्ण डावे असाल तर एक, पूर्ण उजवे असाल तर दहा. भुजंगरावांनी नऊवर खूण केली, मालोजीरावांनी दोनवर. घरी दोन्ही कागद शेजारी ठेवले, तर दहापैकी आठ उत्तरं सारखी. वाटलं, मोजण्यात चूक झाली. पुन्हा तपासलं. आठच.

पुढच्या खेपेला भुजंगरावांनी विचारलंच, "अक्का, त्यानं काय लिहिलंय?"

"ते सांगायचं नसतं. ते काय लिहितील असं तुम्हाला वाटतं, ते भरून द्या."

त्यांनी न थांबता भरलं. प्रत्येक ठिकाणी स्वतःच्या उलट. म्हणजे दोनच बरोबर.

"किती जमलं?"

"नाही सांगता येत."

"अय्यो! मग सुम्ने, उगाच भरून घेतलंत?"

मी कागद परत त्यांच्यापुढे ठेवला. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग कात्री ठेवून मागे हाक मारली, "मालू, सरकारी कारखाने विकावेत का रे?"

मशीन थांबलं. "कोण विचारतंय?"

"मी."

"विकू नयेत. का, तुझ्या पक्षानं काढलेत विकायला?"

"मी पण नको असंच लिहिलंय."

"मग तिकडं कशाला बसलायस?"

"ते राहू दे. पुढचा ऐक."

चौथ्या प्रश्नाला मालोजीराव दारात येऊन उभे राहिले. सातवा दारूबंदीचा होता. तिथं दोघांची उत्तरं वेगळी होती, हे मला ठाऊक होतं.

"बंदी नको," मालोजीराव म्हणाले.

"अप्पांचं काय झालं, विसरलास?" भुजंगरावांनी वडिलांची आठवण काढली.

"विसरलो नाही, म्हणूनच म्हणतो. बंदीनं दारू सुटली असती त्यांची?"

भुजंगरावांनी टेबलावरचं कापड बाजूला सारलं. स्टूल पुढे ओढलं.

"बस," ते म्हणाले. "नीट सांग."