मोडेमला न चालणारी बाई

बंगळूरच्या येलहंक्यात देवाप्पांच्या घराच्या वरच्या मजल्यावर त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत आला होता. हॉलमध्ये टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्या शेजारी मोडेम, आणि मोडेमवर हळदीकुंकू, मोगऱ्याचा गजरा. समोर पाटावर होसकोट्याचे चंदनस्वामी डोळे मिटून बसले होते.

"लाव," स्वामी म्हणाले.

या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या त्रिविक्रमने बटण दाबलं. मोडेमने नंबर फिरवला, किंचाळला, खरखरला आणि शांत झाला. पडद्याच्या कोपऱ्यात जोडणीची खूण उमटली. लोकांनी हात जोडले. कुणी आपला बंद पडलेला मोडेम पिशवीतून आणला होता, कुणी दुबईच्या मुलाची मेल येत नाही म्हणून आलं होतं.

"यंत्रात दोष नसतो," स्वामी म्हणाले. "तुमचे इंजिनिअर कम्पॅटिबिलिटी, कम्पॅटिबिलिटी म्हणतात. अरे, ती यंत्राची नसते, घरातल्या माणसांची असते. या घरात एका जीवाच्या लहरी लाईनला लागत नव्हत्या. तो जीव बाहेर गेला, लाईन आत आली."

'तो जीव' म्हणजे त्रिविक्रमची थोरली बहीण, नीलिमा. नवरा गेल्यावर ती पुण्याहून भावाकडे आली आणि इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. त्यानंतर काही महिन्यांनी त्रिविक्रमने ऑफिसच्या कामासाठी इंटरनेट घेतलं, आणि पहिल्याच दिवसापासून लाईन तुटायला लागली. मोडेमवाला म्हणाला, टेलिफोनची लाईन खराब. टेलिफोनवाला म्हणाला, लाईन ठणठणीत, हा मोडेम आमच्या एक्स्चेंजला चालत नाही. कॉम्प्युटरवाल्याने दोघांना वेड्यात काढलं आणि मोडेमचा ड्रायव्हर प्रोग्रॅम बदलला. एकदा तिघेही याच हॉलमध्ये एकमेकांवर ओरडून गेले. मोडेम बदलला, केबल बदलली. काम अडलं, साहेबांची बोलणी बसली.

मग कुणीतरी स्वामींना आणलं. त्यांनी घरभर फिरून नीलिमाच्या पांढऱ्या कपाळाकडे पाहिलं आणि मान हलवली. तिला बाहेर उभं करून, तिच्या खोलीचं दार आतून लावून घेऊन, खोली 'बांधली'. लाईन लागली ती लागलीच. नीलिमा के. आर. पुरमला एका मैत्रिणीकडे राहायला गेली. "थोडेच दिवस, ताई," त्रिविक्रम तिची बॅग रिक्षात ठेवताना म्हणाला होता. वर पाहिलं नव्हतं. खरं तर त्याला हायसं वाटलं होतं. इतके महिने सापडत नव्हता तो दोष शेवटी कुणाच्या तरी नावावर जमा झाला होता. त्या हायसं वाटण्याची आठवण आली की त्याला जेवण जात नसे.

आज स्वामी बोलत असतानाच नीलिमा जिना चढून आली. बायका आपोआप बाजूला सरकल्या, अंगाला अंग लागू नये तशा.

"शाळेची पुस्तकं न्यायला आलेय," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. त्रिविक्रमची बायको श्वेता उठून स्वयंपाकघरात निघून गेली. स्वामींनी आवाज चढवून मंत्र सुरू केले.

नीलिमा बराच वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पुस्तकं नव्हती. खोलीतला जुना टेलिफोन होता. हॉलमधल्या लाईनवरूनच एक वायर काढून तो तिच्या खोलीत जोडलेला होता.

"तांबड्या फडक्याखाली होता," ती म्हणाली. "वायर उपटलेली. कुणी काढली?"

"खोली बांधताना सगळं बांधावं लागतं," स्वामी म्हणाले.

"बरं. मी घरात आल्याला बराच वेळ झाला. त्रिविक्रम, लाईन तुटली का?"

त्याने पडद्याकडे पाहिलं. खूण तशीच होती. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मी बसलोय म्हणून टिकलीय," स्वामी म्हणाले.

"मग बसून राहा. मीही इथेच बसते. फक्त हा फोन होता तसा जोडते."

"वायर जोडू नका." स्वामी पाटावरून अर्धे उठले होते.

घरमालक देवाप्पा बेळगावकडचे, सावकाश बोलणारे. ते म्हणाले, "स्वल्प थांबा स्वामी. दोष अक्कांचा म्हणालात ना? मग वायरला का भिता?"

स्वामी पुन्हा पाटावर बसले. नीलिमाने खोलीत जाऊन फोन जोडला. थोड्याच वेळात पडद्यावरची खूण गेली. वायर काढली, त्रिविक्रमने पुन्हा नंबर फिरवला, लाईन लागली. नीलिमा मोडेमवर हात ठेवून बसली, तरी टिकली. मग देवाप्पांनी स्वतः आत जाऊन वायर जोडली. लाईन पुन्हा तुटली.

तिने फोन सगळ्यांपुढे धरला. "रिसीव्हर ठेवला की ही बटणं पूर्ण खाली जायला हवीत. एक मध्येच अडकतंय. म्हणजे फोन ठेवल्यासारखा दिसतो, पण आत अर्धवट चालू राहतो. लाईनवर खरखर होते. आपल्याला तरी बोलणं ऐकू येतं, मोडेमला ती सोसत नाही. या स्वामींना हे ठाऊक होतं. म्हणून तर दार लावून वायर काढली."

"पण तुम्ही घरात असतानाच तुटायची," एक बाई पुटपुटली.

"संध्याकाळी मी रोजच घरी असते, आणि त्रिविक्रम इंटरनेट संध्याकाळीच लावतो. मी सहलीला गेले त्या रविवारीही तुटली होती. ते कुणी लक्षात ठेवलं नाही."

स्वामींनी झोळी उचलली. जिन्यात दोघांनी तरीही त्यांचे पाय धरले.

हॉल रिकामा होत असताना त्रिविक्रम उभा राहिला. "थांबा," तो म्हणाला. "मी इंजिनिअर आहे. सगळं बदलून पाहिलं, हा फोन एकदा काढून पाहिला नाही. बहिणीला मात्र काढलं. ताई, माझं चुकलं. घरी चल."

नीलिमा पुस्तकं पिशवीत भरत होती. "फोन खराब निघाला म्हणून तू हे म्हणतोयस," ती शांतपणे म्हणाली. "चांगला असता तर?"

ती के. आर. पुरमला परत गेली. या वेळी तो बसस्टॉपपर्यंत पिशवी घेऊन गेला, आणि तिने ती घेऊ दिली, एवढंच.

त्यानंतर स्वामींची गोष्ट सांगताना लोक हसत. त्रिविक्रमला हसू येत नसे. कुणी आपला बिघाड घेऊन आलं की तो सांगे: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पाहा. कारण सापडेल. नाही सापडलं, तर सापडलं नाही असं म्हणा. त्या रिकाम्या जागी माणसाला उभं करू नका.