बरं म्हणालात

स्वयंपाकघराचं बिल ठरल्यापेक्षा चांगलंच फुगून आलं, तेव्हा तिने ठेकेदाराला सुट्टीच्या दिवशी घरीच बोलावलं. नणंद त्याच दिवशी येणार होती, हे तिला ठाऊक होतं. आपण माणसांकडून चोख काम कसं करून घेतो, ते नणंदेने एकदा समोर बसून बघावं, एवढीच तिची इच्छा. ऑफिसात तिच्या हाताखाली अख्खा विभाग होता; नणंदेच्या लेखी मात्र ती अजूनही नुसती 'आमच्या दादाची बायको' होती.

ठेकेदार चपला दाराबाहेर काढून आत आला आणि खुर्चीच्या टोकाला टेकला. आधी नणंदेकडून नव्या ओट्याचं कौतुक करून घेऊन मग तिने विषय काढला. काम सुरू होण्याआधी ओटा, फरशा, कपाटं असं सगळं कागदावर ठरलं होतं. सिंकमागची भिंत फोडून नव्याने बांधायचा खर्च त्यात कुठून आला?

त्याने शांतपणे सांगितलं, जुन्या फरशा काढल्या तर भिंत आतून भिजून भुसभुशीत झालेली निघाली. तिच्यावर नव्या फरशा टिकल्याच नसत्या. म्हणून काम थांबवून त्याने तिला फोन केला होता.

"फोन केलात, मान्य. पण मी हो म्हणाले होते का?"

"नाही मॅडम. बरं म्हणालात."

नणंद फिसकन हसली. या घरात तिच्या 'बरं'ची ख्याती होती. सासूबाई होत्या तेव्हा सुनेने 'बरं' म्हटलं की त्या समजून जायच्या, हे काम आता काही होत नाही. लेक तर म्हणायची, आई नाही म्हणाली तर थोडी आशा असते, बरं म्हणाली की संपलं.

"अहो, इथेच फसलात तुम्ही," शेजारी बसलेला नवरा म्हणाला. बायकोची बाजू घ्यायची संधी त्याला क्वचितच मिळे. "हिचं बरं म्हणजे नाही. मला हे कळेपर्यंत निम्मा संसार झाला."

ठेकेदारही हसल्यासारखा झाला. मग तिच्याकडे बघून म्हणाला, "अगदी सुरुवातीला, कामाला कधी लागू, उद्यापासून येऊ का, असं विचारलं होतं मी. तेव्हाही तुम्ही बरंच म्हणाला होतात, मॅडम. मी आपला माणसं घेऊन आलो."

तिला भिंतीचा तो फोन लख्ख आठवला. मीटिंग चालू होती. 'भिंत' आणि 'ओल' एवढंच कानावर पडलं होतं, आणि त्याचं बोलणं एकदाचं संपावं म्हणून ती म्हणाली होती, बरं. ते नाही नव्हतं. हो पण नव्हतं. ते 'तुमचं तुम्ही बघा' होतं, आणि त्याने बघितलं होतं.

चूक माझी, एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी जिभेवर आले. पण समोर नणंद गालातल्या गालात हसत बसली होती.

"मी हो म्हणाले नव्हते," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

ठेकेदाराने नव्या भिंतीकडे एकदा पाहिलं. खिशातून पेन काढून बिलातली भिंतीची ओळ खोडली, खाली नवी बेरीज मांडली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. त्याने घासाघीस केली असती, आवाज चढवला असता, तर तिला सोपं गेलं असतं.

"मानलं बुवा तुला, वहिनी," नणंद म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ऐकायचं होतं ते ऐकायला मिळालं, आणि तिला मान वर करवेना.

ठेकेदार उठला. त्याला दारापर्यंत सोडायला ती एकटीच गेली. निदान इथे तरी म्हणावं, असं तिच्या मनात होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"वरच्या कपाटाचं एक दार बसवायचं राहिलंय. येऊन जाल ना?"

तो खाली वाकून चपला घालत होता. मान वर न करता म्हणाला, "बरं."