टोपीवरचा हात

"दिव्याला काय विचारतोस पोरा, दाराला विचार! खांदा लाव आणि ढकल."

कार्माइनचा हा आवाज वीस वर्षांपूर्वीचा. ब्रुकलिनच्या कारशेडमध्ये नवा डबा आला की दार बंद असल्याचा दिवा लागला तरी तो दाराला खांदा भिडवून उभा राहायचा. डबे तपासायला मी त्याच्याच हाताखाली शिकलो. तो गेला, पण गाडी निघून गेल्यावर रूळ गुणगुणत राहतात तसा त्याचा आवाज मागे राहिला.

आज चौकशीच्या खोलीत तोच आवाज मला टोचत होता.

समोर युनिस, सतरा वर्षं गार्डचं काम केलेली. तिची ती सैल टोपी मांडीवर. आरोप असा की नव्या गाडीचं दार तिने गाडी थांबायच्या आधीच उघडलं. एक म्हातारा फलाटावर पडता पडता वाचला होता. आरोप टिकला तर तिची नोकरी जाणार.

"जेवणाची वेळ होती. बाईंना घाई झाली असेल," गाडी बनवणाऱ्या कारखान्याचा इंजिनिअर व्हिट्लॉक म्हणाला.

"भूक तुझ्या दाराला लागली होती, मला नाही!"

"पुरे," चौकशी अधिकारी म्हणाल्या. "तपासनिसाच्या अहवालात गार्डचीच चूक लिहिली आहे. सही आहे."

युनिस माझ्याकडे वळली. "कार्माइनला पुरलं त्या दिवशी माझ्या खांद्यावर रडलास ना रे ओरिन? आणि आता ही सही?"

करार असा होता: नवी गाडी तीस दिवस विनाबिघाड धावली तरच रेल्वेने ती कारखान्याकडून ताब्यात घ्यायची. एक बिघाड, की मोजणी पुन्हा एकपासून. दार उघडलं तो एकोणतिसावा दिवस होता. व्हिट्लॉकने मला कोपऱ्यात घेतलं होतं. "माणसाची चूक लिही, मोजणी चालू राहते. बिघाड लिहिलास तर तुझ्या साहेबांना तोंड तूच दे." मी माणसाची चूक लिहिली.

"फळीला बोट दाखवलं होतं का?" अधिकारी विचारत होत्या. फलाटाच्या मधोमध काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची फळी टांगलेली असते. गार्डने खिडकीतून तिच्याकडे बोट दाखवायचं, दारं त्यानंतरच.

"फळी जवळ येत होती. बोट वर होतं माझं."

व्हिट्लॉक हसला. "एका हाताने बोट, दुसऱ्याने बटण. देवाने दोन हात दिलेत की!"

कोणीतरी त्याच्याबरोबर हसलं. युनिस हसली नाही, रडलीही नाही. तिने नुसती टोपी चाचपली. माझी खुर्ची मागे सरकली तेव्हा कळलं, मी उभा राहिलो होतो.

"दुसरा हात टोपीवर होता."

"काय?"

"मी त्याच डब्यात होतो. दिवा दार बंद असल्याचं दाखवत होता आणि दार सताड उघडं. मी बाहेर वाकून पाहिलं. गाडी अजून चालत होती. हिचं एक बोट फळीकडे, दुसऱ्या हाताने उडणारी टोपी दाबून धरलेली. दोन्ही हात खिडकीबाहेर. नंतर मी दारावरचं झाकण काढलं. कडीचा आकडा अर्धाच बसत होता. अहवाल खोटा आहे, बाई. मी लिहिलाय तो."