अप्पांचा पिवळा रंग

शके १९४६, माघ शुद्ध सप्तमी, मंगळवार, सकाळी साडेदहाच्या सुमारास, बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथे, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरील 'शिवशरण पॉलिश वर्क्स' या दुकानात एक गिटार आणण्यात आली. किंबहुना गिटारीचे केवळ धड आणण्यात आले. मान, तारा, खुंट्या यांपैकी त्याला काहीही नव्हते. पंगतीत कोणी उष्टे ताट पुढे सरकवावे आणि जेवणाऱ्याने त्याकडे जसे पाहावे, तसे शिवशरण अप्पांनी त्या धडाकडे पाहिले.

"हे काय हाय?"

"गिटार," वीरेश शेठ म्हणाले. "आमच्या रुद्राणीची."

"गिटार पोकळ असती, शेठ. हा पाट हाय. आन् पाटाला कंबर का म्हनून काढली? बसनाऱ्याची सोय म्हनून?"

वीरेश शेठ हे गावातले किराण्याचे ठोक व्यापारी आणि मठाच्या दुरुस्ती समितीचे प्रमुख. त्यांची मुलगी रुद्राणी पुण्यात शिकत होती आणि आठवडाभरासाठी घरी आली होती. आजोळी, उमापूरला, पडलेल्या आंब्याची फळी तिने तिथल्या शहादेव सुताराकडून आपल्या आराखड्याप्रमाणे कापून घेतली होती.

"विजेवरची आहे, अप्पा," ती म्हणाली. "ती आतून भरीवच असते."

"वीज परळीत तयार व्हती, आन् पुण्याहून येऊन आमालाच शिकिव."

मुलगी हसली, आणि अप्पांना ते मुळीच आवडले नाही. आपल्या टोमण्याने समोरचा खजील व्हावा अशी त्यांची अपेक्षा असे. हसणारा माणूस त्यांना उद्धट वाटे.

रुद्राणीचे मागणे थोडके होते. रंग पिवळा हवा. पण लाकडाच्या रेषा झाकणारा नको, लाकडात मुरणारा हवा, म्हणजे आंब्याची रेषान् रेषा दिसेल. त्यासाठी तिने स्पिरिटमध्ये विरघळणाऱ्या रंगाची एक छोटी बाटली आणली होती, आणि आधी करून पाहण्यासाठी त्याच फळीचा वीतभर तुकडाही. शनिवारी दुपारी गिटार न्यायची होती, कारण रविवारी तिला पुण्याला परतायचे होते.

अप्पांनी बाटली उजेडात धरली, हलवली, आणि खोकल्याचे औषध नाकारावे तशी भिंतीवरच्या फळीवर ठेवून दिली.

"हा रंग न्हाई, पोरी. ही शाई हाय. अडतीस वर्सं झाली, बाटलीतला रंग या दुकानात लाकडाला लागला न्हाई."

आता अप्पांच्या तुच्छतेविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण ती एखाद्या व्यापाऱ्याच्या गादीसारखी पिढीजात होती आणि तिच्यावर बसल्यावाचून त्यांचा दिवस सुरू होत नसे. ज्याला प्लायवूड चालते त्याला ते माणूस मानत नसत. ज्याने कपाटाला सनमायका लावला, त्याच्या घरच्या लग्नाला ते जात, पण जेवत नसत. आणि समोरच्या गाळ्यातला तानाजी तर त्यांच्या लेखी अस्तित्वातच नव्हता, जरी त्याचा कॉम्प्रेसर दिवसभर त्यांच्या कानाशी धडधडत असे. तानाजी मोटारसायकलची टाकी, लोखंडी गेट, लाकडी देव्हारा, सगळ्यांवर एकाच पिचकारीने रंग मारी आणि काम वेळेवर देई. त्यातला शेवटचा दोष अप्पांना सर्वांत असह्य होता.

मठाचे नवे सागवानी दार दोन महिन्यांपासून कोरेच उभे होते. जुन्या दाराला अप्पांच्या वडिलांनी पॉलिशचा हात दिला होता, म्हणून नवे दार आपलेच, हे अप्पा गृहीत धरून होते. समितीतले काही जण मात्र तानाजीचे नाव घेऊ लागले होते. तो चार दिवसांत काम करून देईन म्हणत होता, आणि अप्पांनी तर चार महिने मागितले होते. दार हातचे गेले, तर वडिलांच्या नावावर मिळालेला मान आपल्या हयातीत संपला, असे सारी पेठ म्हणेल, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी मुद्दाम आवाज चढवला; कॉम्प्रेसर बंद होता, आणि तानाजी ऐकत होता.

"शेठ, ह्यो पाट बघा आन् मग दाराचं ठरवा. शनिवारी या. ह्या कामात खोट निघाली, तर दारावर माझा हक्क न्हाई."

"अप्पा, एका पाटापायी दार पैजेला लावता का काय?" तानाजी पलीकडून ओरडला.

"तुला लाकडाची भाषा कळायची न्हाई बे. तू पत्र्याशी बोल."

शेठांनी मान डोलावली. आपण मागितलेली नसताना मिळालेली कसोटी त्यांना सोयीचीच वाटली. जाताना रुद्राणी पुन्हा म्हणाली, "अप्पा, आधी तुकड्यावर बघाल ना?" अप्पांनी तो तुकडा सरसाच्या भांड्यावर झाकण म्हणून ठेवला, आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर तेवढ्याने झाले असे मानले.

बुधवारी काम सुरू झाले. आंब्याच्या लाकडाला छिद्रे फार. ती बुजवल्याशिवाय पॉलिश गुळगुळीत बसत नाही. इतर गावचे कारागीर त्यासाठी खडूची पूड विकत आणतात. अप्पा परळीचे. कोळशाच्या वीजकेंद्राकडून वारा वाहिला, की दुकानाच्या पत्र्यावर जी करडी राख बसते, ती ते हलक्या हाताने झाडून घेत, फडक्यातून तीनदा चाळत, सरसाच्या पाण्यात कालवत आणि घट्ट बसावी म्हणून चिमूटभर चुना टाकत. "खडू शाळेत वापरायचा असतो," असे ते म्हणत. हा भराव त्यांनी शेकडो दारांना भरला होता आणि प्रत्येक दारावर गडद तपकिरी पॉलिश चढवले होते. त्या तपकिरी रंगाखाली राखेचे काय होते, हे पाहण्याची वेळ अडतीस वर्षांत एकदाही आली नव्हती.

त्यांनी भराव घासून बसवला, वाळू दिला, पॉलिश पेपर मारला. धड तळहाताला रेशमासारखे लागू लागले, आणि या बाबतीत अप्पांची निंदा करणाऱ्याची जीभ झडावी. त्यांचा हात खरोखरच चांगला होता.

पिवळ्या रंगासाठी त्यांनी घरचा हळदीचा डबा आणवला होता. हळद रात्रभर स्पिरिटमध्ये भिजली. गुरुवारी सकाळी त्यांनी ती मलमलीतून गाळली आणि कापसाच्या बोळ्याने पहिला हात फिरवला. आंब्याच्या रेषा उजळल्या. दुसरा हात फिरला, आणि त्या साध्या फळीतून असा पिवळा वर आला, की रस्त्याने जाणारा ऊसतोडीचा मुकादमही क्षणभर थांबला.

"कसला रंग म्हनायचा, अप्पा?"

"देवाचा," अप्पा म्हणाले. "बाटलीत मिळत न्हाई."

ओल्या कामावर राख बसू नये, म्हणून परळीत दुकानाच्या तोंडाला ओली पोती टांगतात. अप्पांनी आज जास्तच भिजवून टांगली, कारण वारा वीजकेंद्राकडूनच येत होता. मग ते आत खाटेवर आडवे झाले. मठाच्या दाराला कोणता हात आधी द्यावा याचा विचार करता करता त्यांना समाधानी माणसाची झोप लागली.

त्यांना जागे केले ते त्यांच्या बायकोने, नीलाबाईंनी. जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या, आणि पोते बाजूला सारून त्या गिटारीसमोर उभ्या होत्या.

"अवं, उठा. ह्याला कुंकू कुनी लावलं?"

अप्पा उठले. पिवळ्या धडावर, अंगावर पित्त उठावे तशा तांबड्या बारीक रेघा उमटल्या होत्या. जिथे जिथे छिद्र होते, तिथे तिथे लाल. कमरेपाशी, जिथे भराव जास्त बसला होता, तिथे तर तळहाताएवढा तांबडा डाग पसरला होता.

"बाटली सांडली," अप्पा म्हणाले. बाटली फळीवर झाकणासकट उभी होती. "मग लाकूडच रोगट हाय. उमापूरचा आंबा, दुसरं काय व्हनार."

"खाली चुना हाय का?"

अप्पांनी भरावाचे भांडे पायाने खाटेखाली सरकवले.

"हाय ना? अवं, हळदीला चुना लागला की कुंकू व्हतं. लुगड्यावरचा हळदीचा डाग साबनानं लाल व्हतो, हे चार वर्साच्या पोरीला ठावं असतंय. वरून पोती भिजवून ओल दिली. तुमी हळद घेतली तवा मला एक सबूद इचारायचा व्हता."

"लाकडाचं मी बायकांना इचारू?"

"लाकडाचं न्हाई. हळदीचं." त्यांनी डबा खाली ठेवला. "लिंबू फिरवा, पिवळं व्हईल परत. न्हाईतर घासून काढा, भराव उकरा, आन् तिनं दिलेला रंग लावा. अजून दोन दिस हायत."

"मी काय लोनचं घालाया बसलोय, लिंबू फिरवायला?"

इथेच अप्पांचे काम सावरता आले असते. दोन दिवस होते, हात होता, बाटली होती, आणि सल्ला फुकट मिळाला होता. पण बाटलीला हात लावणे म्हणजे मुलीपुढे हार, आणि लिंबू म्हणजे बायकोपुढे. हार पत्करायला त्यांच्यासमोर माणसे पुष्कळ होती; कोणापुढे पत्करावी हे त्यांना ठरवता येईना. तेव्हा त्यांनी तिसरा मार्ग पत्करला, जो अहंकारी माणसाला नेहमीच राजमार्ग वाटतो. झाले ते मुद्दाम केले, असे त्यांनी ठरवले. शुक्रवारी त्यांनी त्या तांबड्या-पिवळ्या धडावर लाखेच्या पॉलिशचे आठ हात चढवले. चूक लखलखू लागली.

शनिवारी दुपारी वीरेश शेठ आणि रुद्राणी आले. तानाजी हात पुसत रस्ता ओलांडून आला, आणि अप्पांनी त्याला हाकलले नाही, कारण हाकलले असते तर भ्यालो असा अर्थ झाला असता. त्यांनी फडके बाजूला केले.

रुद्राणीने धड उचलले, दाराच्या उजेडात नेले, उलटसुलट केले. तिने आवाज चढवला नाही, आणि अप्पांना तेही आवडले नाही.

"अप्पा, मी पिवळा सांगितला होता."

"पिवळ्याच्या पुढचा हाय ह्यो. पिवळा कुनीबी करंल. ह्या शिरा बघ, जिवंत अंगावानी. असं काम पुण्यात दिसायचं न्हाई."

"मुद्दाम केलंत?"

"मग काय चुकून?"

"आणि हा डाग? तोही मुद्दाम?"

"त्यो डाग न्हाई. ती छटा हाय."

तानाजी खाली वाकून बघत होता. "छटा लई दाट बसली, अप्पा. कुनी पान खाऊन थुकल्यागत."

"तू गप बे! दोन हजारांची पिचकारी घेतली म्हंजी कारागीर व्हत न्हाई मानूस."

"न्हाईच व्हत. म्हनून तर मी आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून बघतो."

अप्पांनी शेठांकडे पाहिले. एवढा वेळ त्यांना खात्री होती, की शेठ हसतील, मुलीची समजूत घालतील, म्हणतील की वडिलांपासूनचा संबंध आहे. शेठांनी मुलीच्या हातून धड घेतले, चष्मा लावला, आणि हिशेबाच्या वहीतला आकडा तपासावा तसे प्रत्येक रेघेवरून बोट फिरवले. मग चष्मा काढला.

"अप्पा, खरं सांगा. हे असं करायचं ठरवलं व्हतं?"

नीलाबाई दुकानाच्या मागच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडले नाही. अप्पांना वाटले, तिने बोलावे, म्हणजे निदान तिच्यावर ओरडता तरी येईल.

"ठरवलं व्हतं," ते म्हणाले.

शेठांनी गिटारीचे धड पोत्यात गुंडाळले आणि मुलीच्या हाती दिले.

"काम बिघडलंय, अप्पा. मठाचं दार तानाजी करील."