स्थिर दिवा

“दिवा दिसला नाही का हो, काका?” वॉकीटॉकीतून मुख्य शिक्षिकेचा आवाज आला. “दिवाणजी म्हणतात, त्यांनी लावला होता.”

मैदानाच्या या टोकाला, बिनइंजिनाची ग्लायडर विमाने तारेने ओढणाऱ्या विंचच्या जाळीआड बसलेल्या ओढकाकांनी वॉकीटॉकी उचलला. ग्लायडर धावू लागताच त्याचा पंख गवताला टेकला होता. अशा वेळी पलीकडून दिवा स्थिर धरायचा आणि विंचवाल्याने तत्क्षणी ओढ तोडायची, असा नियम होता. काकांनी ती तोडली नव्हती. एका शिकाऊ तरुणाच्या मागे बसलेल्या या शिक्षिकेने स्वतःच तार सोडली, म्हणून वीस पावलांवर सारे निभावले.

“नीट दिसला नाही,” काका म्हणाले. ते असत्य नव्हते, आणि त्यामुळेच ते अधिक बोचले.

“म्हणजे बॅटरी उतरली. दिवाणजी, सकाळी बघून घ्या म्हणून कितीदा सांगायचं तुम्हाला? उद्यापासून दिवा दुसऱ्या कुणाकडे देते मी.”

“काल चार्ज केली होती हो, मॅडम...” दिवाणजींचा आवाज खरखरीत बुडाला. “बरं. तुम्ही म्हणाल तसं.”

आठवड्याचे पाच दिवस काका पाणीपुरवठ्याचे पंप सांभाळीत. सुटीचे दोन दिवस ते या ग्लायडर क्लबाचे. सव्वीस वर्षे त्यांनी एकेकाला जमिनीवरून आभाळात ओढून नेले होते, म्हणून ते ओढकाका. किलोमीटरभर दूर, दुसऱ्या टोकाला दिवा घेऊन उभे राहणारे त्यांचे मित्र, टपालखात्यातून निवृत्त झालेले, ते दिवाणजी. विंचच्या गर्जनेत माणसाचा शब्द ऐकू येत नसे. म्हणून आज्ञा दिव्याचीच. संथ उघडझाप झाली की ढिली तार गोळा करायची, भराभर झाली की पूर्ण ओढायचे, दिवा स्थिर झाला की थांबायचे. समोरासमोर भेटले की चहाच्या साखरेवरून हमखास भांडणारे हे दोन वृद्ध या तीन शब्दांच्या भाषेत मात्र सव्वीस वर्षे एकदाही चुकले नव्हते.

गेल्या वर्षापासून तो दिवा काकांच्या दृष्टीतून हळूहळू विरघळत गेला. आधी त्याभोवती वलय आले, मग ओल्या पाटीवर बोट फिरवावे तसा तो फिसकटला, मग उरला नुसता प्रकाशाचा धूसर पट्टा. घरी ते बोलले नाहीत, इथेही नाही. तारच त्यांना सगळे सांगे. ढील संपली की रीळ कण्हे, ग्लायडरचा भार आला की इंजिनाचा स्वर खाली उतरे. वर कोण बसले आहे, तेही त्यांना त्यावरून ओळखता येई. ‘थांब’ एवढा एकच शब्द तारेला येत नव्हता. वर्षभरात तो कुणाला लागला नव्हता. आज लागला.

“बाबा,” थोड्या वेळाने वॉकीटॉकीत त्यांची धाकटी लेक बोलत होती, “मॅडम खाली उतरल्या. म्हणाल्या, आता एकटी जा. तुम्हीच ओढताय ना? ठरलंय आपलं.”

ते ठरले तेव्हा ती सात वर्षांची होती, याच जाळीत काकांच्या उशीवर बसलेली. आज ती रुग्णालयात परिचारिका होती आणि पहिल्यांदाच तिच्या मागचे आसन रिकामे होते.

काकांनी समोर पाहिले. खाली हिरवे होते, वर पांढरे होते आणि मधे काहीही नव्हते.

शेजारी गॅरेजवाला मेकॅनिक रिळाला ग्रीस लावत होता. दोन वर्षे तो हे काम शिकत होता आणि दोन वर्षे काकांची बोलणी खात होता: “क्लच सोडल्यासारखं सोडू नकोस रे, वर माणूस आहे, मडकं नाही!”

“दिवाणजींना सांग,” काका त्याला म्हणाले, “दिवा जरा स्थिर धरा म्हणावं.”

मेकॅनिकने निरोप दिला. “धरला की. लख्ख आहे. का हो?”

काकांनी डोळे पुसले, पुन्हा पाहिले. मग वॉकीटॉकी तोंडाशी नेला. तो सगळेच ऐकत असत.

“मॅडम, मघाशी दिवा चांगला होता. मलाच दिसत नाही. वर्ष होत आलं. दिवाणजींचा काही दोष नाही.”



“वर्ष?” शिक्षिका म्हणाली. “काका, वर्षभर तुम्ही आम्हाला...” वाक्य तिने अर्ध्यावर टाकले. “उतरा खाली. विंच मेकॅनिककडे द्या.”

“बाबा?”

“तू पट्टे आवळ. समोर बघ. मेकॅनिक ओढतोय. हात चांगला आहे त्याचा.”

ग्रीसने माखलेला मेकॅनिक त्यांच्याकडे बघतच राहिला. “काका, दुसरं कुणी असतं तर ठीक होतं. तुमची पोर आहे ती. मला नाही हो जमायचं.”

“म्हणून तर जपून ओढशील. बस. उशी राहू दे, बैठक टणक आहे.”

काका विंचमागे हात पाठीशी बांधून उभे राहिले. ढील संपली, रीळ कण्हले, इंजिनाचा स्वर उतरला. भार हलका होता. तो तिचाच होता. तार वर वर चढत गेली. ओढ कमी करण्याचा क्षण आला, ‘आता’ हा शब्द काकांच्या ओठांशी आला. पण मेकॅनिकने त्याच्या अर्धा श्वास आधीच हात मागे घेतला होता. काकांनी शब्द गिळला. सुटलेली तार सळसळत रिळावर परतली आणि मग काहीच ऐकू येईना. त्यांनी वर पाहिले. वर सगळे पांढरे होते.

सातव्या मिनिटाला पंखांची बारीक शीळ मैदानावरून गेली. चाक टेकल्याचा एकच आवाज आला.

“टेकली!” मेकॅनिक ओरडला.

“ऐकलं.”

“बाबा, मी उतरले!” धाकटीला धाप लागली होती. “ओढलं पण काय सुरेख, जरासुद्धा हिसका नाही.”

“मी नाही ओढलं,” काका म्हणाले. “त्याला सांग ते.”

मग दिवाणजी बोलले. “काय रे ओढ्या, वर्षभर मी मग कुणाशी बोलत होतो?”

काकांनी टोपी काढून कपाळ पुसले.

“ये इकडे. जेवायची सुटी झालीय, कडेकडेनं चालत ये. मी दिवा लावून ठेवतो.”

काका निघाले. सवयीने पावले मोजत होते. नऊशे अकराव्या पावलाला त्या पांढुरक्यातून एक पिवळा ठिपका वेगळा झाला. आणखी थोडे गेल्यावर तो स्थिर झाला. बॅटरी पूर्ण भरलेली होती.